उणे १६२ अंशांतली मोटर



बोअरमधली सबमर्सिबल मोटर मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वाइंडिंगच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, किंवा मोटर तेलानं भरून बंद केलेली असते. पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही, ही त्यातली सगळी धडपड. आज ज्या पंपाबद्दल बोलायचं आहे, तो पाण्यात नसतो, द्रवरूप नैसर्गिक वायूत, म्हणजे एलएनजीत बुडालेला असतो. या द्रवाचं तापमान असतं उणे १६२ अंश सेल्सिअस. आणि त्या मोटरीत द्रवाला अडवलेलं नसतं. रोटर आणि स्टेटरमधल्या फटीतून, वाइंडिंगभोवतून, बेअरिंगमधून तो मोकळा वाहत असतो.

पेटणाऱ्या इंधनात विजेची मोटर सोडायची, हे ऐकून कुणालाही धडकी भरेल. पण या मोटरीला त्याहून सुरक्षित जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. मिथेन पेटायला हवा लागते, आणि तीही ठरावीक प्रमाणात. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच भडका उडतो. टाकीत एलएनजी आणि त्याची वाफ, एवढंच असतं, हवा नसतेच. शिवाय हा द्रव विजेचा दुर्वाहक आहे.

आता मोटर बाहेर ठेवली तर काय होईल ते पाहा. तिचा शाफ्ट आत न्यायला भोक आलं, भोकाला सील आलं. इतक्या थंडीत रबर काचेसारखं ठिसूळ होतं, धातू आकसतात, सील गळायला लागतं. गळलेला वायू बाहेरच्या हवेत मिसळतो, आणि ठिणगी पाडू शकणारी मोटर नेमकी तिथंच उभी असते.

गळती काय करू शकते, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरानं २० ऑक्टोबर १९४४ रोजी पाहिलं. तिथली एलएनजीची एक टाकी फुटली, द्रव रस्त्यांवर आणि गटारांत उतरला, आग लागली आणि १३० माणसं गेली. त्या टाकीच्या पोलादात साडेतीन टक्के निकेल होतं, आणि ते थंडीत ठिसूळ झालं. आज आतल्या टाकीला नऊ टक्के निकेलचं पोलाद वापरतात. दुसरी खबरदारी अशी, की मोठ्या टाक्यांच्या तळाला किंवा भिंतीला आता भोकच ठेवत नाहीत. सगळे पाइप छतातून जातात.

मग पंप तळाशी पोचणार कसा? छतापासून तळापर्यंत एक उभा रुंद पाइप असतो. त्याच्या खालच्या तोंडाशी स्प्रिंगची झडप. पंप पोलादी दोरानं आत सोडतात. तो खाली टेकला, की त्याच्याच वजनानं झडप उघडते. दुरुस्तीला काढायचा असेल तर आधी नायट्रोजनच्या दाबानं पाइपमधला द्रव खाली टाकीत ढकलतात, पंप थोडा उचलतात, झडप आपोआप मिटते. पाइपमधला वायूही नायट्रोजननं घालवला, की पंप वर येतो. टाकी भरलेलीच राहते, शेजारचे पंप चालूच राहतात. मला यंत्रविद्येतल्या फार सुंदर युक्त्यांपैकी ही एक वाटते.

महाराष्ट्रात जहाजातून एलएनजी उतरवून घेण्याचं टर्मिनल आहे ते रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. नाव दाभोळचं, पण दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे आहे. एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पासोबत हे टर्मिनल बांधायला घेतलं, २००१ साली सगळं ठप्प झालं, आणि टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं. त्यानंतरही लाटा अडवणारा बंधारा, म्हणजे ब्रेकवॉटर, पुरा नसल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागू शकत नव्हतं. वर्षाला ५० लाख टनांसाठी आखलेली यंत्रणा बंधाऱ्यासाठी इतकी वर्षं अडून राहावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

जहाजाच्या टाक्यांतही असेच बुडालेले पंप असतात. ते द्रव किनाऱ्यावरच्या टाकीत पाठवतात, आणि टाकीतले पंप पुढच्या उच्च दाबाच्या पंपांकडे. हे पंपही द्रवानं भरलेल्या भांड्यात बुडालेलेच. इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायू द्रवरूप झाला, की जागा सुमारे सहाशेपट कमी घेतो. म्हणून द्रव असतानाच दाब वाढवायचा आणि मग गरम करून वायू करायचा, यात वीज फार कमी लागते. आधी वायू करून मग दाबत बसलो, तर खर्च कितीतरी वाढेल. हा वायू वाहिन्यांतून पुढे जातो. दाभोळहून एक वाहिनी बंगळुरूपर्यंत गेली आहे. मराठवाड्यातही पाइपनं गॅस आणण्याचं काम भारत पेट्रोलियमनं हाती घेतलं आहे.

हा पंप बनवणं मात्र सोपं नाही. एलएनजी पाण्याच्या निम्म्याहून हलकं आणि कितीतरी पातळ. बेअरिंगला वंगण म्हणून हाच पातळ द्रव, कारण तेल तिथं गोठून जाईल. द्रव उकळण्याच्या बेतातच असतो. तोंडाशी दाब जरा घटला की बुडबुडे. म्हणून इम्पेलरच्या आधी स्क्रूसारखं पातं बसवतात, ते द्रवाला हळूच आत ओढून घेतं. तांब्याचा विरोध या थंडीत साधारण पाववर येतो, त्यामुळे नेहमीची मोटर इथं टाकली तर चालू होताना करंट जास्त खेचेल आणि जोर मात्र कमी देईल. वाइंडिंगपासून रोटरपर्यंत सगळं या थंडीसाठी नव्यानं आखावं लागतं.

हाच पंप उलटा चालवला की टर्बाइन होतो. वायू द्रवरूप करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत जास्त दाबाचा द्रव पूर्वी नुसत्या झडपेतून सोडत. आता तिथं जनरेटरसकट बुडालेलं टर्बाइन बसवतात. वीज मिळते, द्रव आणखी थंड होतो आणि वाफ कमी उडते.

मात्र मोटर द्रवातच बुडवायची, हा नियम द्रवरूप ऑक्सिजनला चालत नाही. तिथं ठिणगीला जळायला मदत करणारा वायूच भोवती असतो, धातूसुद्धा पेटू शकतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या पंपाची मोटर बाहेर, लांब शाफ्टवर ठेवतात. द्रव कोणता, हे पाहूनच यंत्राची जागा ठरते.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. कृत्रिम रेतनासाठी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोचतो. त्याच पुरवठादारांकडून तो मागवा. खेळत्या हवेच्या जागी, हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल घालून, जाणत्या शिक्षकांसमोर त्यात एक साधं बेअरिंग आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बुडवा. बेअरिंग किती आकसलं, तारेचा विरोध किती घटला, ते मोजा आणि वहीत मांडा. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय शोधायला लांब जायला नको.