अळिंबीचा गुण आणि गुणाकार

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, किंचित संपादित)



टेबलावर एक काचेची बरणी ठेवली आहे. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. तळाशी हातसडीच्या तांदळाचा दोन बोटं थर आहे. त्यात पांढरं जाळं असं काही माजलंय की तांदळाची एकसंध ढेप झाली आहे. बरणी उलटी केली तरी पडत नाही. त्या ढेपेतून नारिंगी काड्यांचं रान वर आलंय. उदबत्तीपेक्षा जरा जाड, शेंड्याला फुगीर. पक्व काडीच्या शेंड्यावर भिंग धरलं की खसखशीसारखा खरखरीतपणा दिसतो. बीजाणू तिथून उडतात.

ही कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस नावाची अळिंबी, म्हणजे बुरशीच. रानात हिला तांदूळ कोण घालणार? ती पतंगाच्या अळीत नाहीतर कोषात शिरते, आतून त्याला पोखरून संपवते आणि मग मातीतून नारिंगी बोट वर काढते. कीडाजडी म्हणून उत्तराखंडात आणि यार्सागुम्बा म्हणून नेपाळात जी गोळा करतात, ती हिची लांबची नातलग. ती हिमालयातल्या कुरणांत मिळते आणि सोन्याशी तुलना व्हावी अशा भावाने विकली जाते. ही मात्र बरणीत येते. म्हणून शेतकऱ्यांचं आणि तरुण उद्योजकांचं लक्ष हिच्याकडे वळलं आहे, आणि मला दर आठवड्याला एकच प्रश्न येतो: ‘सर, यातला औषधी अंश वाढवायचा कसा?’

त्या प्रश्नाला मी आज उत्तर देणार आहे. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तोही काढणार आहे.

औषधी अंश म्हणजे इथे मुख्यतः कॉर्डिसेपिन. १९५० साली ते या बुरशीतून वेगळं काढलं गेलं. आपल्या प्रत्येक पेशीत अ‍ॅडिनोसिन असतं. कॉर्डिसेपिन म्हणजे हुबेहूब तेच, फक्त ऑक्सिजनचा एक अणू कमी. पेशी आरएनएची साखळी गुंफत असते. तिला वाटतं, हा आपलाच मणी. ती तो ओवते. पण पुढचा मणी अडकवायचा आकडा नेमका त्या गायब ऑक्सिजनपाशी होता. साखळी तिथेच खुंटते. भराभर वाढणाऱ्या पेशींना याचा फटका बसतो, म्हणून कर्करोगाचे संशोधक या रेणूकडे डोळे लावून बसले. अडचण एवढीच, की आपल्या रक्तातलं एक विकर, अ‍ॅडिनोसिन डीअ‍ॅमिनेज, त्याला काही मिनिटांत निकामी करतं.

आता वाढवण्याचे उपाय. पहिला उपाय बियाण्याचा. घरात तेच विरजण महिनोन्‌महिने फिरवलं की एक दिवस दही तार धरतं. या बुरशीचं तसंच आहे. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत असं तेच वाण नेत राहिलं की ते खचतं. जाळं पांढरंशुभ्र पसरतं, पण काड्या येत नाहीत. म्हणून जाणकार मूळ वाण थंडीत जपून ठेवतात आणि बीजाणूंपासून नवी जोडी जुळवून घेतात. दुसरा उपाय खाद्याचा: नुसता तांदूळ, की त्यात रेशीमकिड्याच्या कोषांची पूड? कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण बदललं की पीक बदलतं. तिसरा प्रकाशाचा. अंधारात हे जाळं पांढरंच राहतं. उजेड दाखवला की नारिंगी रंग चढतो आणि काड्यांना जाग येते. पण खोली वीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि आपल्या चैत्र-वैशाखात त्याचा हिशोब विजेच्या बिलात होतो.

याच्याही पुढे गेले ते जपानमधल्या फुकुई विद्यापीठाचे संशोधक. त्यांनी बुरशीवर वेगवान आयनांचा मारा केला, जगली-वाचलेल्यांतून जास्त कॉर्डिसेपिन देणारं वाण निवडलं, आणि ते द्रवात, न हलवता, पृष्ठभागावर साय धरावी तसं वाढवलं. कच्चा माल म्हणून द्रवात अ‍ॅडिनोसिन घातलं. लिटरमागे सुमारे साडेआठ ग्रॅमपर्यंत मजल गेली.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तीही पेनिसिलिन देणाऱ्या एका बुरशीच्या जोरावर. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या मूळ बुरशीतून ते थेंबाथेंबाने मिळायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पिओरियाला एका बुरसटलेल्या खरबुजावर जास्त देणारं वाण सापडलं. पुढे क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी त्याचे उत्परिवर्तित वंशज तयार केले. मक्याच्या कारखान्यातलं उरलंसुरलं पाणी खाद्य म्हणून दिलं. वाण, खाद्य, मारा, निवड. तेच चार मंत्र.

मग कॉर्डिसेप्समध्येही असाच गुणाकार करत सुटायला हरकत काय?

हरकत आहे, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तिथेच आहे. पेनिसिलिन जिवाणूंची भिंत बांधू देत नाही. तसली भिंत बुरशीला नसतेच, त्यामुळे ती कितीही पेनिसिलिन ओतो, तिच्या अंगाला काही लागत नाही. अ‍ॅडिनोसिन मात्र बुरशीच्याही पेशीत आहे. कॉर्डिसेपिन हे दुधारी पातं. जी बनवते, तिलाही कापतं.

मग बुरशी स्वतः वाचते कशी? हे कोडं २०१७ मध्ये शांघायचे संशोधक चेंगशू वांग यांच्या गटाने सोडवलं. या बुरशीत शेजारीशेजारी बसलेली चार जनुकं त्यांना सापडली. त्यांच्या जोरावर कॉर्डिसेपिन तयार होतं. आणि त्याच चौकडीतून दुसराही एक रेणू बनतो: पेंटोस्टॅटिन. हा कॉर्डिसेपिनचा राखणदार. कॉर्डिसेपिन मोडणाऱ्या विकराला तो रोखून धरतो. पण कॉर्डिसेपिन स्वतःच्या जिवावर उठेल इतकं साचलं, की बुरशी त्या विकराला मोकळं सोडते आणि जास्तीचं मोडून टाकते. म्हणजे बुरशीने स्वतःपुरती एक वेस घालून घेतली आहे. अ‍ॅडिनोसिनचा खुराक किंवा आयनांचा मारा, आपले उपाय या वेशीपलीकडचं मागणारे आहेत.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. हिमालयातल्या महागड्या कीडाजडीत ही चौकडीच नाही. तिच्या नावावर कॉर्डिसेपिनचे गुण सांगणारा विक्रेता एका बुरशीची कुंडली दुसरीच्या नावाने वाचतोय.

आता राखणदाराकडे नीट बघा. पेंटोस्टॅटिन हे काही अनोळखी रसायन नाही. हेअरी सेल ल्युकेमिया नावाच्या रक्ताच्या कर्करोगावर ते शिरेतून देतात, डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्तातल्या पेशी मोजत. ते प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी घटवतं. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं छापलेल्या पाकिटात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा अंश असू शकतो. किती? बहुतेक पाकिटांवर लिहिलेलं नसतं, कारण कोणी मोजलेलंच नसतं. बरणीत कॉर्डिसेपिन दुप्पट केलं, तर सोबत राखणदार किती वाढला, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

आपल्या भाषेत औषधाला ‘गुण येतो’. तो येतो रोग्याला. बरणीत येतो तो फक्त अंश. तो कितीही वाढवला तरी पोटात गेल्यावर रक्तापर्यंत किती पोचतो, तिथे किती टिकतो, हे प्रश्न उरतातच. कॉर्डिसेप्स खाऊन अमुक रोग बरा होतो, असं माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एका कंपनीच्या साथीने कॉर्डिसेपिनला रासायनिक कवच चढवून, ते रक्तात टिकावं म्हणून, कर्करुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. ती वेगळी वाट आहे, आणि ती बरणीतून नव्हे, प्रयोगशाळेतून जाते.

म्हणजे हे पीक घेऊ नये का? जरूर घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण मिळतं. हिमाचलात सोलनला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं अळिंबी संशोधन संचालनालय आहे. शिकून घ्या, निर्जंतुकीकरणात काटकसर करू नका, कारण हिरवी बुरशी बघता बघता खोलीभर पसरते. पण आपली बरणी म्हणजे दवाखाना, असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

आणि श्रोतेहो, तुमच्यातले जे गिऱ्हाईक आहेत त्यांना एकच विनंती. घरात कोणी कर्करोगाचे उपचार घेत असेल, तर हे पाकीट डॉक्टरांना दाखवल्याखेरीज फोडू नका. बाकीच्यांनी किलोचा भाव विचारण्याआधी दुकानदाराला दोन आकडे विचारा: यात कॉर्डिसेपिन किती, आणि पेंटोस्टॅटिन किती? प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही दाखवले, तर घ्यायचं की नाही ते ठरवा. एकच दाखवला, तर पाकीट परत फळीवर ठेवा.