मशीनखान्याच्या बाजूने



मुद्रणव्यवसायाच्या संमेलनात अध्यक्षाने आपल्या धंद्यातल्या एखाद्या थोर माणसाचे स्मरण करावे, असा रिवाज आहे. तो पाळायचा तर मी निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींविषयी बोलायला हवे, नाहीतर अक्षररचनाकार र. कृ. जोशींविषयी. दोघांचेही ऋण मोठे आहे आणि ते आपण वेळोवेळी मानत आलो आहोत. आज मात्र मी अशा माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्याला देवनागरी वाचता येत नव्हती आणि जो स्वतः नावाजलेला चित्रकारही नव्हता. चॉन्सी ग्रिफिथ त्याचे नाव. जन्म 1879 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. मृत्यू 1956 मध्ये. मधल्या काळात कोट्यवधी माणसांनी रोज सकाळी चहाबरोबर त्याची अक्षरे वाचली आणि त्यांतल्या कोणी त्याचे नाव विचारले नाही.

ग्रिफिथ मुळात छपाईकामातून आलेला. 1906 साली तो मर्गेंथालर लायनोटाइप कंपनीत शिरला तो विक्रेता म्हणून. माझ्या मते त्याच्या सगळ्या कर्तृत्वाची किल्ली इथेच आहे. विक्रेत्याला गावोगावच्या छापखान्यांत जावे लागते, मालकाच्या खोलीतून मशीनखान्यात उतरावे लागते, तिथल्या शिव्या ऐकाव्या लागतात. पुढे कंपनीच्या अक्षरविभागाची सूत्रे त्याच्या हाती आली, तेव्हा या शिव्यांचा साठा त्याच्यापाशी भरपूर होता.

त्या काळी दैनिकाच्या अक्षराच्या वाट्याला काय येत असे, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. पण तरुण मित्रांसाठी सांगतो. लायनोटाइप यंत्रावर, म्हणजे लायनोवर, अक्षरांची ओळ शिशात ओतली जायची, ओळींचे पान बांधले जायचे. ते पान थेट छापायला जात नसे. त्यावर ओलसर लगद्याचा पुठ्ठा दाबून साचा घ्यायचा, तो वाळवायचा आणि त्यात रोटरी छपाईयंत्राच्या रुळावर बसेल असा वाकडा पत्रा ओतायचा. पुठ्ठा वाळताना आकसतो, म्हणजे अक्षरही आकसते. कागद वाचतो म्हणून मालकांना हे आकसणे हवेच असे! पुढे पातळ शाई, लाकडाच्या लगद्याचा खरबरीत न्यूजप्रिंट आणि रोटरीचा वेग. शाई पसरायची, ‘e’ची खिडकी बुजायची, ‘a’चे पोट भरून यायचे आणि बारीक रेघा गायब व्हायच्या. शिवाय लायनोची स्वतःची अट वेगळीच. एकाच मातृकेवर, म्हणजे अक्षराच्या साच्यावर, साधे आणि ठळक किंवा तिरपे अशी दोन अक्षरे असत, आणि दोघांनाही सारख्याच रुंदीत राहावे लागे. एक अक्षर दुसऱ्याच्या हद्दीत डोकावू शकत नसे. म्हणून बिचाऱ्या ‘f’ची मान कायम आखूड.

या सगळ्या छळानंतर जे कागदावर उरते तेच खरे अक्षर, असे धरून ग्रिफिथने काम आरंभले. ‘आयॉनिक क्रमांक 5’ हे त्याचे पहिले मोठे यश. एकोणिसाव्या शतकातल्या जाडजूड अक्षरांचा धागा धरून त्याने रेघांची जाडी जवळजवळ सारखी ठेवली, अक्षरांची पोटे मोठी केली आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. 1926 मध्ये नेवार्क इव्हनिंग न्यूजने ते वापरले आणि पुढच्या दीड वर्षात सुमारे 3000 वृत्तपत्रांनी ते घेतले. तेवढ्यावर तो थांबला नाही. 1931 मध्ये ‘एक्सेलसियर’ आले, मग ‘पॅरागॉन’, ‘ऑप्टिकॉन’ आणि 1941 मध्ये ‘कोरोना’. कोरोना तर पुठ्ठ्याचे आकसणे आधीच हिशेबात धरून आखलेले. खरे सांगायचे तर कोरोना मला सुंदर वाटत नाही. मोठे करून पाहिले तर ते चक्क बेढब दिसते. पण ते मोठे करून पाहण्यासाठी काढलेलेच नव्हते.

याच काळात लंडनमध्ये स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली ‘टाइम्स न्यू रोमन’ घडले. 3 ऑक्टोबर 1932 रोजी द टाइम्स त्या अक्षरात निघाला. कीर्ती टाइम्सला मिळाली आणि ती रास्तही आहे. मात्र त्या वृत्तपत्राचा कागद आणि छपाई इतरांच्या मानाने फार उंची होती, हे विसरू नये. साध्या कागदावर त्या नाजूक रेघांचे हाल झाले असते.

ग्रिफिथचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याला माणसे सांभाळता येत. डब्ल्यू. ए. ड्विगिन्स हा विलक्षण कलावंत त्यानेच 1929 मध्ये कंपनीशी जोडला. ड्विगिन्सला कळसूत्री बाहुल्यांचा नाद. गुळगुळीत कोरलेला बाहुलीचा चेहरा लांबून सपाट दिसतो आणि धारदार छेद दिलेला चेहरा लांबून कोवळा दिसतो, हे त्याच्या ध्यानात आले. तेच तत्त्व त्याने बारीक अक्षरांना लावले. वृत्तपत्रासाठी त्याने ‘हिंगम’ नावाचे अक्षर वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केले, पण ते बाजारात आलेच नाही. अशा न निघणाऱ्या अक्षरावर वर्षे घालवू देणारा वरिष्ठ आज कोणाच्या वाट्याला येतो?

आता आपल्याकडे वळतो. ग्रिफिथ कंपनीत असतानाच, 1930 च्या दशकात, बिकानेरचे हरी गोविंद गोविल यांनी मर्गेंथालरबरोबर देवनागरी लायनोटाइप सिद्ध केला. अडचण उघड होती. लायनोच्या मातृका शेजारी शेजारी उभ्या राहतात, एकीच्या डोक्यावर दुसरी बसत नाही. आणि आपली लिपी तर मात्रा, रफार, अनुस्वार डोक्यावर घेऊनच चालते. यंत्राच्या कळा नव्वद आणि हाताने जुळवायच्या केशीतले खिळे काही शे. त्याआधी लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्यात डोके घातले होते. या साऱ्या खटपटींविषयी मला आदर आहे. तरीही माझे मत असे, की आपली बहुतेक बुद्धी लिपी यंत्रात कोंबण्यात खर्च झाली. यंत्रातून निघालेले अक्षर न्यूजप्रिंटवर कसे वागते, हे ग्रिफिथइतक्या चिकाटीने आपण पाहिले नाही. तुटलेली मात्रा, गळालेला अनुस्वार, ‘भ’ आणि ‘म’ची बुजलेली गाठ, ‘ष्ट्र’च्या जागी काळा डाग हे मराठी वाचकाने पिढ्यान्‌पिढ्या अंदाजाने वाचून घेतले.

आता नोंदींविषयी थोडे. निर्णयसागरची अक्षरे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी ते नोंदवून ठेवले. बापूराव नाईकांनी 1971 मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. तसे काम मराठीत आजही हवे आहे. जुन्या फाउंड्र्यांचे नमुनाग्रंथ, पंच, मातृका रद्दीत आणि भंगारात जात आहेत. ज्यांच्या घरी, गोदामात असे काही असेल त्यांनी ते विकण्याआधी एकदा तरी आपल्या संस्थेला कळवावे.

आणि तरुण अक्षररचनाकारांना एक विनंती. तुम्ही पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करून त्याची वळणे तासता, आर्ट पेपरवर नमुने छापता. छान दिसतात. पण पुढच्या वर्षी अक्षररचनेच्या स्पर्धेला अक्षर पाठवाल तेव्हा ते न्यूजप्रिंटवर, बातमीच्या आकारात, चालू रोटरीवर छापून आणा आणि मशीनमनने काय सांगितले तेही सोबत लिहून द्या. परीक्षकांनी त्याखेरीज एकही नमुना स्वीकारू नये, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.