एक्सेलने काढलेला खुराक आणि आमची चंद्री

आजचा भाग गायीच्या खाण्यावर आहे. गाय काय खाते, त्यावर ती किती आणि कसलं दूध देते, हा विषय. तुमच्यातले निम्मे म्हणतील, आमच्या घरी गोठा नाही, आम्हाला काय त्याचं? थांबा जरा. यात कोडिंग आहे, केमिस्ट्री आहे आणि मी केलेली एक मोठी चूक आहे. चूक ऐकायला सगळ्यांनाच आवडते.

वर्क फ्रॉम होम सुरू होतं तेव्हा मी गावी होतो. आमच्या गोठ्यात पाच गायी, सगळ्या होल्स्टिन संकरित. त्यातली चंद्री दुसऱ्या वेताची, व्यायल्याला महिना झालेला, दिवसाला १६ लिटर देत होती. घराचा किराणा तिच्यावर चालायचा म्हटलं तरी चालेल. आण्णा तिला खायला घालायचे ते पाट्या आणि भाऱ्यांच्या हिशोबाने. दोन पाट्या कुट्टी, एक भारा हिरवा मका, सकाळ-संध्याकाळ खुराक. मी विचारलं, "आण्णा, पाटी म्हणजे किती किलो?" ते म्हणाले, "पाटी म्हणजे पाटी."

झालं. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

मी वजनकाटा आणला आणि दोन दिवस सगळं मोजलं. हिरवा मका २० किलो, ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ४ किलो, आणि खुराक, म्हणजे गोळी पेंड, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा मिळून, ६ किलो. चंद्रीचं वजन टेपने काढलं. त्याचं सूत्र सोपं आहे: छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून मागच्या माकडहाडाजवळच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. घेर ७०, लांबी ६१. उत्तर साधारण ४५३ किलो.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत हिशोब इथेच चुकतो. गायीचं खाणं ओल्या वजनावर मोजायचं नसतं, शुष्क वजनावर मोजायचं. म्हणजे पाणी काढून टाकल्यावर जे उरतं ते. दुभत्या गायीला रोज वजनाच्या तीन टक्के किंवा थोडं जास्त शुष्क अन्न लागतं. चंद्रीला साडेतेरा किलोच्या आसपास. कोवळ्या हिरव्या मक्यात ८० टक्के पाणी असतं. भारा डोळ्यांना केवढा दिसतो, पण २० किलोतले शुष्क फक्त ४. वाळक्या कुट्टीत पाणी १० टक्केच, म्हणून ४ किलोतले ३.६. खुराकाचंही तसंच, ६ किलोतले ५.४. बेरीज १३. म्हणजे आण्णांचं "पाटी म्हणजे पाटी" जवळपास बरोबर निघालं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. मी एक्सेल उघडलं, सॉल्व्हर लावला. प्रत्येक चाऱ्याची किंमत, ऊर्जा आणि प्रथिनं भरली. गायीला किती ऊर्जा हवी, किती प्रथिनं हवीत ते लिहिलं आणि सांगितलं, सगळ्यात स्वस्त मिश्रण काढ. सॉल्व्हरने सेकंदात उत्तर दिलं: कुट्टी ४ वरून १ किलोवर आणा आणि खुराक ९ किलो करा, त्यातही मक्याचा भरडा जास्त. कडबा त्या वर्षी महाग होता. भरडा एका रुपयात जास्त ऊर्जा देत होता. कागदावर एकदम क्लीन.

शुक्रवारी संध्याकाळी मी ते लागू केलं. आयटीवाले आत्ता हसत असतील. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोणी काही टाकतं का?

पहिले तीन-चार दिवस मी हिरो होतो. दूध १६ वरून साडेसतरा झालं. आई म्हणाली, "शिकल्याचा उपयोग झाला बाई." मग पाचव्या दिवशी संकलन केंद्रावरची पावती बघितली. फॅट ३.८ होतं, ते २.९ आलं. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात. वाढलेलं दीड लिटर त्या कपातीतच गेलं. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. आपला पहिला संशय नेहमी दुसऱ्याच्या सिस्टिमवर असतो ना.

आठव्या दिवशी आण्णांनी मला पहाटे उठवलं. "चल, शेण बघ." शेण पातळ, फेसाळ, त्यात मक्याचे कण तसेच पडलेले. चंद्री उभी होती, गव्हाणीकडे बघतही नव्हती. आण्णा एवढंच म्हणाले, "रात्रीपासून रवंथ करंना." त्या दिवशी धार काढली तर ९ लिटर.

डॉक्टर आले, पोटावर मूठ दाबून बघितलं, विचारलं, "भरडा किती घालता?" मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे न बघता आण्णांकडे बघितलं. निदान: ॲसिडोसिस. म्हणजे पोटात आम्ल वाढणं.

आता नेमकं काय झालं ते सांगतो, कारण मला हे नंतर वाचून कळलं आणि वाचताना खरंच थक्क झालो.

गाय चारा पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले जिवाणू पचवतात. कोटीपोट म्हणजे चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठा, मोठ्या गायीत शंभर लिटरच्या वर मावेल असा. ती एक आंबवण्याची टाकी आहे. जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून आम्लं तयार होतात, ती रक्तात जातात आणि गाय त्यावर जगते. तंतू, म्हणजे कडबा-गवत, आंबला की मुख्यतः ॲसेटिक आम्ल मिळतं. दुधातलं फॅट बनवायला कास ते वापरते. धान्यातला स्टार्च आंबला की प्रोपिओनिक आम्ल जास्त होतं. त्यापासून यकृत ग्लुकोज बनवतं, ग्लुकोजपासून कासेत लॅक्टोज म्हणजे दुधाची साखर होते, आणि लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी ओढून घेतं. दुधाचं माप, किती लिटर ते, मुख्यतः या साखरेवर ठरतं.

म्हणजे बघा, भरडा वाढवला तर पहिले काही दिवस लिटर वाढणार आणि फॅट पडणार. माझं तेच झालं. संकलन केंद्राचं मशीन अगदी बरोबर होतं. शिवाय कोटीपोट आंबट झालं की जिवाणूंची वस्ती बदलते, चाऱ्यातल्या तेलाचे वेगळेच तुकडे तयार होतात, आणि ते कासेत जाऊन फॅट बनवण्याचं काम सरळ दाबून टाकतात. म्हणून फॅट हळूहळू न उतरता धपकन पडतं.

मग आंबटपणा रोखतं कोण? लाळ. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते, आणि त्या लाळेत सोडा असतो, आपल्या खायच्या सोड्याच्या जातीचाच. लाळ सुटते चघळताना आणि रवंथ करताना. रवंथ होते लांब, खरखरीत तंतूमुळे. मी कुट्टी कमी केली म्हणजे लाळ कमी केली, आणि त्याच वेळी आम्ल वाढवणारा भरडा ओतला. कोटीपोटाचा पीएच सहाच्या वर असला की तंतू पचवणारे जिवाणू खुश असतात. साडेपाचच्या खाली गेला की गाय आजारी. हिशोब करा: माझ्या मिश्रणात एकूण शुष्क अन्न तेवढंच, १३ किलो, पण खुराकाचा वाटा ४१ टक्क्यांवरून ६२ वर गेला होता. जास्त दुधाच्या गायीलाही निम्म्याच्या पुढे जाताना लोक दहा वेळा विचार करतात. आणि मी ते एका रात्रीत केलं. जिवाणूंना नवीन खाण्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लग्नातल्या उरलेल्या पोळ्या-भात गायीला एकदम घातला की गाय पडते, ती याच कारणाने.

सॉल्व्हर चुकला का? नाही. मी त्याला तंतूची अट दिलीच नव्हती. यावरून एक जुना किस्सा. सगळ्यात स्वस्त आहार शोधायचं गणित जॉर्ज स्टिग्लर या अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये मांडलं, ७७ पदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन. ते सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये काढली जॉर्ज डॅन्टझिगने. पुढे डॅन्टझिगने वजन कमी करायला स्वतःचाच आहार कॉम्प्युटरकडून काढून घेतला. कॉम्प्युटरने सांगितलं, इतर गोष्टींबरोबर ५०० गॅलन व्हिनेगर प्या! व्हिनेगर काढून टाकलं तर म्हणे रोज सूपच्या २०० वड्या खा. कारण मीठ जास्तीत जास्त किती, ही अट कोणी घातलीच नव्हती. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मी हे वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. फरक इतकाच की त्याने ते व्हिनेगर प्यायलं नाही. आमच्या चंद्रीने भरडा खाल्ला.

चंद्री वाचली. भरडा बंद, वाळका चारा समोर, डॉक्टरांचे उपचार. तीन आठवड्यांनी १४ लिटरवर आली. त्या वेतात १६ पुन्हा कधी झाले नाहीत. आण्णा मला एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

आता ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांच्यासाठी थोडं. संतुलित आहार काढून देणारी चांगली साधनं आहेत. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे एनडीडीबी, ने आहार संतुलनाचा कार्यक्रम चालवला. गावातलीच शिकवलेली माणसं घरोघरी जाऊन गायीचा घेर मोजायची, चारा मोजायची आणि सॉफ्टवेअरवर सल्ला द्यायची. त्यात माझ्यासारखी अट विसरलेली नसते. घरच्या घरी अंदाज हवा तर शरीर पोसायला एक-दीड किलो खुराक आणि दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो, हा जुना ठोकताळा. पण तो चारा बरा असेल तरच.

पाणी सगळे विसरतात. दुधात ८७ टक्के पाणीच असतं. गायीला दिवसातून दोनदा बादली दाखवायची आणि दूध कमी का म्हणून पेंड बदलत बसायचं, हे मी बऱ्याच गोठ्यांत बघितलंय. पाणी चोवीस तास समोर पाहिजे. मुक्त गोठ्यात दूध वाढतं, त्यात याचा मोठा वाटा आहे. उन्हाळ्यात तर विचारूच नका. होल्स्टिन थंड देशातली, उन्हात धापा टाकते आणि खाणं सोडते. तिला मुख्य वैरण पहाटे आणि रात्री घाला.

उसाच्या पट्ट्यातल्यांनो, वाढे. कारखाने सुरू झाले की फुकटात मिळतात म्हणून महिनोन् महिने तेच. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं. एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि गायीच्या रक्तात एका वेळी जेमतेम काही ग्रॅमच फिरत असतं. म्हणून व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत चांगली दुधाची गाय मान वळवून बसते, उठत नाही. मिल्क फीव्हर. नावात ताप आहे, पण अंग उलट गार पडतं. तेव्हा यूट्यूब बघू नका, डॉक्टरला फोन करा. वाढे घालायचेच तर कडबा किंवा मुरघासात मिसळून, आणि खनिज मिश्रण रोज.

आणि शहरात बसून चहा पिणाऱ्यांसाठी एकच. बुरशी आलेली पेंड किंवा काळा पडलेला कडबा गायीने खाल्ला तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. एफएसएसएआयची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा पावसाळ्यात शेतकऱ्याने पेंडीचं पोतं जमिनीवर टेकवलं की फळीवर ठेवलं, हा तुमच्या चहाचा प्रश्न आहे.

माझी शीट अजून आहे. त्यात आता तंतूची खालची मर्यादा आहे, खुराकाची वरची मर्यादा आहे, आणि एका दिवसात किती बदल करायचा याचीही. शेवटी एक रकाना आण्णांनी घालायला लावला: बसलेल्या गायींपैकी रवंथ किती करतात. निम्म्याच्या खाली आलं की खुराकाला हात लावायचा नाही, आधी कारण शोधायचं. काल रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांनी मोबाईल गोठ्यात फिरवला. चार बसल्या होत्या, तीन रवंथ करत होत्या. चौथीकडे सकाळी बघतो म्हणाले.

तुमच्या गोठ्यातले प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, आकडे किलोत सांगा, पाट्यांत नको. भेटू पुढच्या भागात.