चौथा नंबर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपण कोल्हापूरचे, त्यामुळे फुटबॉलवर बोलायला इथे प्रस्तावना लागत नाही. शाहू स्टेडियमवर उन्हात बसून घसा बसवलेली निम्मी मंडळी समोरच आहेत. पण तालमींचा विषय मी काढणार नाही. या हॉलमध्ये किमान चार पेठा बसल्या आहेत. मी बोलणार आहे लंडनच्या आर्सेनलबद्दल. या संघापायी मी बऱ्याच रात्री जागवल्या आहेत.

प्रश्न साधा आहे. आपला संघ दरवर्षी वरच्या चारांत असावा, की एकदाच का होईना, पण कप जिंकावा?

आर्सेन वेंगर १९९६ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि सलग वीस मोसम आर्सेनल पहिल्या चारांत राहिला. २००३-०४ मध्ये तर लीगच्या ३८ सामन्यांत एकही हार नाही. २००५ ला एफए कप मिळाला आणि नंतर नऊ वर्षं काहीच नाही. २००६ मध्ये साठ हजारांचं नवं स्टेडियम झालं, त्याचं कर्ज होतं, आणि चांगला खेळाडू तयार झाला की तो दुसरीकडे जायचा. याच काळात पहिल्या चारांत येणं हाही एक करंडकच, अशा अर्थाचं वेंगर बोलले. इतर संघांचे चाहते त्यावर पोट धरून हसले. आम्हाला हसू आलं नाही, कारण ते थोडं खरं होतं.

आता मे २०१३ चे तीन-चार दिवस बघा. ११ तारखेला विगन या छोट्या क्लबने बलाढ्य मँचेस्टर सिटीला एफए कपच्या अंतिम सामन्यात १-० असं हरवलं. गोल झाला तो भरपाई वेळेत, बेन वॉटसनच्या डोक्याने. त्यांच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक! आणि १४ तारखेला त्यांचा सामना होता आमच्याशी. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही ४-१ ने जिंकलो आणि विगन खालच्या श्रेणीत घसरला. एकाच मोसमात एफए कप जिंकून खाली जाणारा तो पहिलाच क्लब. आम्ही मात्र पुढच्या रविवारी टॉटनहॅमपेक्षा एक गुण जास्त मिळवून चौथे आलो आणि खेळाडू मैदानावर असे नाचले, जणू लीगच जिंकली.

विगनच्या माणसाला विचारलं, बदली करतोस का, तर तो नाहीच म्हणेल, असं मला वाटतं. आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

तरीही मी सातत्याच्या बाजूचा आहे. कपचा अंतिम सामना एका दुपारचा. लीगचे ३८ सामने म्हणजे ऑगस्ट ते मे असा आपला सगळा संसार. पण सातत्य कशाला म्हणायचं, इथे माझं आणि क्लबच्या हिशेबनिसाचं जमत नाही. २००७-०८ मध्ये आम्ही तिसरे आलो, पण फेब्रुवारीपर्यंत पहिले होतो आणि शेवटी विजेत्यांपेक्षा फक्त चार गुण कमी पडले. त्या वर्षी प्रत्येक सामन्याला पोटात गोळा यायचा. २०१२-१३ मध्ये चौथे आलो तेव्हा विजेत्या मँचेस्टर युनायटेडपेक्षा सोळा गुण मागे होतो, आणि त्यांच्यासाठी २६ गोल करणारा रॉबिन व्हॅन पर्सी आम्हीच त्यांना विकला होता! तक्त्यात दोन्ही वर्षं जवळजवळ सारखी दिसतात. एक शर्यत होती, दुसरी नोकरी. मला हवी आहे ती शर्यत.

म्हणजे कपची ओढ नाही असं नाही. २०१४ च्या अंतिम सामन्यात हलविरुद्ध आठ मिनिटांत आम्ही ०-२ ने मागे होतो. जादा वेळेत रॅमसीने तिसरा गोल केला तेव्हा घरचे सगळे दचकून उठले. नऊ वर्षं थांबलो नसतो तर इतका ओरडलो असतो का, कोण जाणे.

२०२२-२३ पासून सलग तीन मोसम आमचा दुसरा नंबर आला. ऑफिसात चेष्टा झाली, पण एप्रिल महिना कसा थरारात जायचा!

विगनच्या बाजूचे कोण कोण आहेत, ते आता जेवताना कळेलच.