वनरक्षकानं अडवलं तर



आज रानाच्या कडेला राहणाऱ्यांचा विषय घेतला आहे. तळ्यावरून मासे धरून तुम्ही परत येताय. अंधार पडायला आलाय. पायवाटेवर वनरक्षक उभा. "थांब. झोळीत काय आहे?" अशा वेळी तुम्ही काय करता? आम्ही पुष्कळांना विचारलं. "पळतो" म्हणाले. चूक नसली तरी पळतो!

पळू नका. हातात कोयता असेल तर खाली ठेवा. नाव, गाव सांगा. गार्डशी झोंबाझोंबी केली तर तो वेगळाच गुन्हा होतो.

आधी कायदा काय म्हणतो ते ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. 1991 साली कायदा बदलला आणि ते दिवस संपले. ससा, रानडुक्कर, मोर, घोरपड, काहीही मारता येत नाही. फासा लावला आणि जनावर सापडलं नाही, तरी ती शिकारच धरतात. घोरपडीला तर कमीत कमी 3 वर्षांची कैद आहे, 7 वर्षांपर्यंत जाते. "वाडवडील करत आले" हे कोर्टात चालत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं पाण्यातल्या माशांवरचा हक्क मानला, पण शिकारीचा हक्क साफ वगळला. अभयारण्यात मात्र परवानगीवाचून जाऊ नका. हक्काचा किंवा परवानगीचा कागद असेल तर त्याची नक्कल जवळ बाळगा. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं, तर तो गुन्हा नाही. पण तुम्हीच फासे लावायला गेला असाल, तर ही सवलत नाही.

आता गार्डचा अधिकार. गुन्हा झाला असं मानायला सबळ कारण असेल, तर वनाधिकारी तुम्हाला अडवू शकतो. झोळी उघडू शकतो, गाडी तपासू शकतो, घराचीही झडती घेऊ शकतो. माल जप्त करू शकतो. वॉरंट नसलं तरी अटक करू शकतो. तेव्हा "वॉरंट दाखव" म्हणून रस्त्यात अडून बसण्यात अर्थ नाही. पण "माझ्यावर संशय कशाचा?" हे विचारा. शांतपणे विचारा. उगाच छळण्यासाठी कुणाचा माल जप्त केला आणि ते शाबीत झालं, तर त्या अधिकाऱ्यालाही 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. तेही त्याच कायद्यात लिहिलं आहे.

आमच्या माहितीतला एक गृहस्थ आहे. झोळीत मासे आणि जाळं, दुसरं काही नाही. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि सोडून दिलं. बिचारा खूश झाला, सुटलो म्हणाला. पुढे समन्स आलं. त्या कागदावर लिहिलं होतं, की तारेचे सहा फासे त्याच्याजवळ मिळाले. अंगठा त्याचाच. नाही कसं म्हणणार? तारखांना जाता जाता एक बैल विकला. अजून तारखा चालूच आहेत.

म्हणून मंडळी, कागदापाशी थांबा. आता तुम्हाला अक्षर येतं. पंचनाम्याची भाषा अवघड असते खरी. "सदर इसम" म्हणजे तुम्ही. "मुद्देमाल" म्हणजे जप्त केलेल्या वस्तू. "ताब्यात मिळून आला" म्हणजे तुमच्याजवळ सापडला. हे चार शब्द ओळखले तरी पुष्कळ. वस्तू मोजा, यादीशी ताडून पाहा. तारीख, वेळ, जागा बघा. रिकाम्या ओळी असतील तर त्यांवर रेघ मारायला सांगा. वाचून होईपर्यंत सही करू नका. चूक असेल तर सही करायला कोणी भाग पाडू शकत नाही. यादीची नक्कल मागा.

जबाबाचंही तसंच. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पण वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हे! त्याच्यापुढचा जबाब तुमच्यावर उलटू शकतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असं आपली राज्यघटना सांगते. खोटं बोलू नका. "वकिलाशी बोलून सांगतो" एवढं म्हणा.

"पाचशे दे आणि जा" असं कोणी म्हणालं तर? गुन्हा पैशावर मिटवायचा अधिकार वरच्या अधिकाऱ्याला आहे, तोही काही गुन्ह्यांपुरताच. वाटेवरच्या गार्डला तो नाही. पैसे दिले तर तुम्हीही लाच देणारे ठरता.

अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. मारहाण झाली असेल तर तिथंच सांगा, अंगावरचे वळ दाखवा. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 या नंबरावर फोनही करता येतो. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे घरच्यांना शोधावा लागणार नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही पंचनाम्याचा एक नमुना आणू. फळ्यावर उतरवू आणि सगळे मिळून मोठ्यानं वाचू. येताना पाटी आणा.