३७ सेकंदांचा ठपका

शिरगावात राहून रोज पालघरहून गाडीने बोईसरला कामाला जाणाऱ्या अनेकांपैकी मी एक. तेथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सर्व्हर, म्हणजे मुख्य संगणक, सांभाळणे हे माझे काम. आज बोलणार आहे ते या संगणकांच्या घड्याळांविषयी.

एका रात्रपाळीत आमच्याकडे पंप बंद पडला. धोक्याचा इशारा वाजल्यानंतर कामगाराने ४० सेकंदांनी बटण दाबले, असे नोंदींत दिसत होते. तो मात्र सांगत होता, "साहेब, भोंगा ऐकला आणि लगेच बटणाकडे धावलो." त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका येणार, अशी चिन्हे होती. पण इशाऱ्याची नोंद एका सर्व्हरवर होत होती आणि बटणाची दुसऱ्यावर. दोघांची घड्याळे जुळत होती का?

नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या अतिअचूक पद्धतीला 'प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल' म्हणतात. सर्व्हर मुख्य घड्याळाशी संदेशांची देवाणघेवाण करतो आणि जाण्यायेण्याच्या वेळेची निम्मी वेळ एका बाजूच्या प्रवासाची धरतो. समजा, बोईसरला जायला ४० मिनिटे लागली आणि यायला ६०. तर दोन्हीकडे ५० धरल्याने १० मिनिटांची चूक होईल. नेटवर्कमधल्या गर्दीने असेच होते. पण तो फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा असतो. आमचा दोष याहून फार मोठा होता, शिवाय कधी दिसे, कधी नाहीसा होई.

म्हणून दोन्ही घड्याळांतला फरक दर मिनिटाला नोंदवत ठेवला. चार दिवसांनी चित्र स्पष्ट झाले. फरक एक तर जवळजवळ शून्य, नाही तर बरोबर ३७ सेकंद. २० नाही, ३० नाही.

या आकड्यातच उत्तर होते. ही पद्धत अणुघड्याळांची अखंड वेळ वापरते. आपली रोजची वेळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती ठेवण्यासाठी अधूनमधून एकेक सेकंद वाढवला गेला. त्यामुळे २०१७ पासून अणुवेळ ३७ सेकंद पुढे आहे. बटणाची नोंद करणाऱ्या सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम एकाच घड्याळाचे काटे फिरवत होते. एक रोजची वेळ लावी. दुसरा ३७ सेकंद वजा न करताच अणुवेळ लावी. एक प्रोग्रॅम बंद केला, दुसऱ्याला वजाबाकी लावून दिली आणि फरक गेला. त्या रात्रीच्या ४० सेकंदांतून ३७ वजा केल्यावर उरले तीन. कामगार खरेच धावला होता.

हा प्रश्न एका कारखान्यापुरता नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तेव्हा अनेक नोंदयंत्रांची घड्याळे जुळलेली नसल्याने, आधी काय घडले आणि मग काय, हे लावताना तपास करणाऱ्यांना फार कष्ट पडले. आपल्याकडेही 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संगणकांची वेळ राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवण्याचा आदेश दिला.

संगणकाची नोंद आपण पुरावा मानतो. पण दोन नोंदी शेजारी ठेवून माणसाला दोषी धरण्यापूर्वी त्या कोणत्या घड्याळांवर झाल्या, हे विचारायला हवे. तो प्रश्न विचारण्याचा हक्क यंत्र चालवणाऱ्या कामगारालाही आहे.