दिसतंय तोवरच तपासा



मी कविता लिहिणारा माणूस. डोळ्यांच्या आरोग्यावर बोलायला एखाद्या डॉक्टरांना बोलवायचं सोडून मला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. कार्यक्रम अधिकारी म्हणाले, "डॉक्टर नेहमीच सांगतात. लोक ऐकतात आणि विसरतात. तुम्ही आपलं घरातलं बोला." तेव्हा आज घरातलंच बोलतो. औषधपाण्याची जी माहिती सांगेन, ती गेली कित्येक वर्षं डॉक्टरांच्या खोलीत बसून समजून घेतलेली आहे.

आपल्या मराठीचं डोळ्यांवाचून पानही हलत नाही. जपायचं तर आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. चूक दाखवणारा डोळ्यांत अंजन घालतो. पोर गोजिरवाणं दिसलं की त्याला दृष्ट लागते, मग मीठ-मोहऱ्या येतात. आमच्या घरी त्यालाच नजर लागणं म्हणतात आणि लाल मिरच्या ओवाळतात. एवढी सगळी भाषा ज्या डोळ्यांवर उभी आहे, तो डोळा डॉक्टरांना दाखवू या म्हटलं, की उत्तर मात्र एकच मिळतं, "दिसतंय की अजून!"

आज मला या "दिसतंय की" बद्दलच बोलायचं आहे.

वयाच्या चाळिशीच्या आसपास आपल्या डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं. लहानपणी ते लवचीक असतं, जवळचं पाहताना फुगतं, लांबचं पाहताना चपटं होतं. वय वाढलं की ही कसरत त्याला जमत नाही. मग पेपर लांब धरावा लागतो, आणि हात अपुरा पडू लागला की माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. आपल्याकडे त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. वयाचं नाव वस्तूला देऊन मोकळं होणारी आपली भाषा मोठी गमतीची आहे. चष्मा हा शब्दही आपण फारसीतून घेतला. चश्म म्हणजे डोळा.

पण एक लक्षात घ्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. नंबर काढताना तुम्हाला समोरची अक्षरं किती स्पष्ट दिसतात, एवढंच कळतं. डोळ्याच्या आतला दाब किती आहे, मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस कशी आहे, हे त्यातून कळत नाही. आणि नजर कायमची नेणारे बरेचसे आजार तिथे आत, मागच्या बाजूला बसलेले असतात.

आपल्या लोकांनी दोन आजारांना मोठी सुंदर नावं दिली आहेत. एक मोतीबिंदू आणि दुसरा काचबिंदू. नावं सख्ख्या भावंडांसारखी, पण स्वभाव अगदी वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की नजर परत येते. असं भिंग डोळ्यात पहिल्यांदा बसवलं ते लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी, १९४९ साली. युद्धात विमानाच्या फुटलेल्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले होते. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्या देशात मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनिशी, १९७६ साली अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांतून लाखाच्या वर शस्त्रक्रिया केल्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६चाच. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. मोतीबिंदूने आंधळं राहण्याचं खरं तर आता कारण उरलेलं नाही.

काचबिंदूचं तसं नाही. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. बहुधा डोळ्याच्या आतला दाब वाढल्यामुळे हे होतं. काही जणांत दाब नेहमीएवढा असूनही होतं. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं मात्र स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणूस गाफील राहतो. आणि यात गेलेली नजर कोणत्याही औषधाने, कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

हे मी अब्बांच्या डोळ्यांत पाहिलं आहे.

अब्बा शिवणकाम करायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी चौकात त्यांचं मशीन होतं. १९८८ साल असेल, मी बी.ए.ला होतो आणि अब्बा पन्नाशीत होते. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप कलंडायचा. नमाजला उभे राहिले की शेजारच्याला धक्का लागायचा. अम्मी म्हणायची, "ध्यान कुठे असतं तुमचं?" ते सुईत दोरा ओवून दाखवायचे आणि म्हणायचे, "नजर बघ माझी!" दोरा एका फटक्यात ओवला जायचा, कारण सुई असायची अगदी समोर.

गावातल्या एका चष्मेवाल्याने सांगितलं, मोतीबिंदू धरतोय, पिकू द्या, मग काढू. अब्बांनी दोन वर्षं तो पिकायची वाट पाहिली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसऱ्याने नळकांड्यातून पाहावं एवढंच दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "चाचा, हा काचबिंदू आहे. गेलं ते मी देऊ शकणार नाही. राहिलंय ते आपण दोघं मिळून राखू."

अब्बांनी ते राखलं. सकाळ-संध्याकाळ न चुकता औषधाचे थेंब घातले. मशीन बंद झालं, पण काजं-बटणं ते हाताने करत राहिले. माझ्या लग्नात त्यांनी सुनेला समोर बसवलं, मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली, आणि तिचा चेहरा त्या नळकांड्यात बसल्यावर हसले. उरलेली ती चिमूटभर नजर त्यांना शेवटपर्यंत पुरली. चार वर्षं आधी दाखवलं असतं तर ओंजळभर राहिली असती.

हे एकट्या अब्बांचं नाही. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता कितीतरी वाढते. ज्यांना उणे नंबर फार आहे, मधुमेह आहे, ज्यांनी स्टेरॉइडचे थेंब किंवा गोळ्या पुष्कळ दिवस घेतल्या आहेत, त्यांनाही धोका अधिक. तेव्हा डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं.

आणखी एक सांगतो. काही जणांचा काचबिंदू चोरपावलांनी येत नाही, दार फोडून येतो. डोळा एकदम भयंकर दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. लोक पित्त समजून घरी पडून राहतात. तसं करू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अब्बांमुळे मी चाळिशीनंतर दरवर्षी तपासणीला जातो. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, दाब मोजतात, नस पाहतात, आणि एका यंत्रासमोर बसवून कडेला लुकलुकणारे ठिपके दिसतात का ते विचारतात. एकही तपासणी दुखत नाही. थेंबांमुळे तीन-चार तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कोणीतरी न्यावं आणि गाडी चालवू नये, एवढंच. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा दाब वाढलेला निघाला, नशीही किंचित बदललेली. तेव्हापासून रोज रात्री झोपताना एकेक थेंब. थेंब घातल्यावर डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली फोडल्यावर महिन्याने नवी घ्यायची. आज नऊ वर्षं झाली. नजर आहे तिथेच आहे.

रमजानमध्ये काही जण रोजा मोडेल म्हणून दिवसाचे थेंब बंद करतात. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा आणि वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पण औषध तोडू नका. उपास कोणाचाही असो, डोळ्यांचं औषध त्यात खंडायला नको.

माझी बहीण तपासून आली, तिचे डोळे ठीक आहेत. धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. तो येत नाही. म्हणतो, "भाईजान, मला मैलभरावरचा बोर्ड वाचता येतो." त्याला मी सांगत आलोय, बोर्ड समोर असतो रे. कडेने सायकलवर येणारं पोर दिसतं का, ते तपासायचं आहे. आत्ता तो कुठल्यातरी रस्त्यावर रेडिओ लावून बसला असेल, तर त्याने हे पुन्हा एकदा ऐकावं.

आता मधुमेहाबद्दल. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. हेही सुरुवातीला कळत नाही. म्हणून मोठ्या वयात मधुमेह निघाला की त्याच वर्षी पडदा तपासायचा, आणि मग दरवर्षी. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. पण साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, हे काम आपलं.

मुलांचं पाहा. मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटतं. ते टीव्हीच्या अगदी जवळ बसत असेल, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, एक डोळा तिरळा वाटत असेल, तर तपासा. शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासाच. एक डोळा अधू राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि सात-आठ वर्षांनंतर ती खोड मोडणं फार अवघड होतं. मोबाइल हातात देण्याऐवजी मुलांना दिवसाउजेडी बाहेर खेळू द्या. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत उणे नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. आपण मोठ्यांनीही दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर उचलून वीस फूट लांब, वीस सेकंद पाहावं, आणि पापण्या मिटाव्यात. टक लावून पाहताना आपण पापणी लववायची विसरतो, म्हणून डोळे कोरडे पडतात.

खाण्याबद्दल लोक मला हमखास विचारतात, "गाजर खाऊन नंबर जातो का हो?" नाही जात. गाजरात जे आहे, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, आणि लहान मुलांची तर बुबुळंच खराब होतात. म्हणून पालक, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडी, दूध हे पोटात गेलं पाहिजे. पालेभाजीला थोडं तेल हवं, त्याशिवाय ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही. सरकार नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळांना या जीवनसत्त्वाचे डोस देतं, ते चुकवू नका. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडा. धुराने मोतीबिंदू लवकर येतो, पडदाही झिजतो.

घरगुती उपायांबद्दल जरा स्पष्ट बोलतो. आमच्या घरांतून सुरमा घालतात, तुमच्या घरांतून काजळ. पिढ्यान्‌पिढ्यांचं प्रेम त्यात आहे. पण बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. बाळाच्या डोळ्यांत काही घालू नका, मध नको आणि एरंडेलही नको. शेतात उसाचं पान किंवा भाताचं कुसळ डोळ्याला लागलं तर जिभेने किंवा पदराने काढू नका. त्या जखमेतून बुरशी शिरते आणि बुबुळावर फूल पडतं. घरात तंबाखूच्या चुन्याची पुडी असेल तर ती पोरांच्या हाताला लागू देऊ नका. चुना डोळ्यात उडालाच तर एक क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याखाली निदान अर्धा तास डोळा धुवा आणि मग दवाखान्यात पळा. धुवायचं आधी, पळायचं नंतर.

मोतीबिंदू पिकू देण्याची गरज आता राहिलेली नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कधी कधी डोळ्याचा दाब वाढवतो आणि काचबिंदूच ओढवून घेतो. त्यामुळे पिकू द्या असं कोणी म्हणालं, तर तुम्ही विचारा, "काचबिंदू नाही ना, हे पाहिलंत का?" एवढा एक प्रश्न लक्षात ठेवलात तरी आजचं माझं बोलणं कारणी लागलं.

तेव्हा श्रोतेहो, घरात चाळिशी ओलांडलेलं जे कोणी असेल, त्याच्या डोळ्यांचा दाब आणि नस कधी तपासली होती, हे आज जेवताना विचारा. उत्तर "दिसतंय की अजून" असं आलं, तर त्याला हाताला धरून घेऊन जा. दिसतंय, तोवरच तपासून उपयोग आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)